आत ठेवलेलं कापड
ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरली, की त्या वासाने मला रोह्यातलं शिंप्याचं दुकान आठवतं. आजारपणात दादा खूप वाळला होता, म्हणून लग्नाचा सूट पुन्हा आत घ्यायचा होता. आरशासमोर कोट त्याच्या खांद्यांवरून उतरत होता. शिंप्याने कात्री उचलली, तशी पेणहून आलेली होणारी वहिनी पुढे झाली. डॉक्टर काय म्हणाले, ते तिला ठाऊक होतं. “कापू नका, काका. नुसती शिलाई आत घ्या. यांचं अंग भरेल.” “व्हय गो, ठेवतो कापड आत,” शिंपी हळूच म्हणाला. दादाने मान फिरवली. लग्नात सूट छान बसला. पावसाळ्याआधीच दादा गेला. आजही फोटो बघून कुणी नवरदेव रुबाबदार म्हणालं, की वहिनी “होतेच तसे” म्हणते.