एकेचाळिसावा खुंटा

वाघोंडीच्या कड्यावर एकूण किती खुंटे, असं भिवा भोईरला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं: एकशे बारा. त्यातले किती शाबूत, किती डगमगणारे, कुठल्यावर नुसता पाय टेकून पुढे सरकायचं, सगळं त्याला तोंडपाठ.

आंबिवली स्टेशनापासून रिक्षेने अर्ध्या तासावर वाघोंडी. गावाच्या मागे डोंगर उभा चिरल्यासारखा, आणि त्या चिरलेल्या अंगावरून, जमिनीपासून शंभर-सव्वाशे फुटांवर, ती वाट आडवी गेलेली. इंग्रजांच्या काळात कड्यातल्या झऱ्याचं पाणी खाली न्यायला नळ टाकला होता. नळावर नजर ठेवणाऱ्या माणसाला चालता यावं म्हणून कातळात लोखंडी खुंटे बसवून त्यांवर सागाच्या फळ्या टाकल्या. पुढे नळ गेला, फळ्या कुजून पडल्या, खुंटे राहिले. गाव तिला फळीवाट म्हणायचं आणि तिकडे फिरकायचं नाही. ठाण्या-डोंबिवलीचे चढाई करणारे मात्र त्या वाटेवर जीव टाकायचे. रविवार उजाडला की दोर, हेल्मेटं घेऊन पोरंपोरी हजर.

भिवाचा बाप हा त्या नळावरचा शेवटचा माणूस. खुंटा कसा तपासायचा ते भिवा त्याच्याकडून शिकला. हातोडीचा एक टोला द्यायचा आणि कान द्यायचा. घंटेसारखा घुमला तर पक्का, बद्द वाजला तर सोडायचा. तीस वर्षं भिवा दर शुक्रवारी कड्यावर जाऊन हे करत आला. कच्च्या खुंट्यांना तो तांबडं फडकं बांधी. भिवाकाकांनी फडकं बांधलं नाही म्हणजे खुंटा चांगला, यावर डोंबिवलीकर डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

त्याला एकच मुलगा, हितेश. बावीस वर्षांचा, कोलशेतच्या एका कारखान्यात नुकताच कामाला लागलेला. रविवारी मात्र बापाबरोबर कड्यावर.

२०१७च्या जानेवारीत देवेश नावाचा डोंबिवलीचा मुलगा पंधरा जणांना घेऊन आला होता. त्यातले निम्मे नवखे. मधल्या वळणावर त्यांना आधार द्यायला कुणीतरी उभं राहायला हवं होतं. भिवा हितेशच्या कानाशी म्हणाला, "एकेचालीसवर उभा रा, पोऱ्या. परवाच वाजवलाय मी. पक्का हाय."

हितेश एकेचाळिसाव्या खुंट्यावर उभा राहिला. स्वतःचा दोरही त्याने त्याच खुंट्याला बांधला. सात जण त्याच्या हाताला धरून पलीकडे गेले. आठव्यासाठी त्याने हात पुढे केला आणि खुंटा कातळातून अलगद सुटून आला. दोर, खुंटा आणि हितेश एकदमच खाली गेले.

पोलिसांनी अपघात लिहून घेतला. एकेचाळीसवर उभा राहा असं पोराला कुणी सांगितलं होतं, हे कुणी विचारलं नाही. भिवानेही सांगितलं नाही. पोलिसांना नाही, देवेशला नाही, बायकोला तर नाहीच.

जयाने, त्याच्या बायकोने, त्या दिवसापासून कड्याकडे पाठ केली. मागच्या अंगणात वाळत घालायची ती मासळी पुढच्या अंगणात आली. मागचं दार तिने लावून टाकलं आणि त्याच्यासमोर धान्याची पिंपं ठेवली. भिवाने हातोडी माळ्यावर टाकली. त्यानंतर तो एकच गोष्ट करत राहिला. दर दोन-तीन महिन्यांनी ठाण्याला जायचा, टेंभी नाक्यावर उतरून जिल्हा कचेरीपर्यंत चालायचा आणि अर्ज द्यायचा. अर्जात दोनच ओळी असायच्या: वाघोंडीची वाट दुरुस्त करा. होत नसेल तर तोडून टाका.

पाच वर्षांनी, २०२२च्या दिवाळीनंतर, काम निघालं. पायथ्याशी पत्रे ठोकले गेले, 'काम चालू, प्रवेश बंद' असा फलक लागला आणि पत्र्याच्या दाराशी राखणीला माणूस हवा म्हणून कंत्राटदाराने भिवालाच बसवलं.

जानेवारीतल्या त्या तारखेला देवेश आला. आता तिशी उलटलेला, सोबत तिघं जुने. हितेश जिथून पडला तिथे दर वर्षी ते फुलं ठेवून यायचे. खुंट्याच्या रिकाम्या भोकाशेजारी वडा-पिंपळाच्या जातीतल्या पायरीचं एक झुडूप उगवलं होतं, त्याच्या बुंध्याशी.

भिवा दारात उभा राहिला.

"काका, तुम्हीच अडवताय आम्हाला?" देवेश म्हणाला.

"मीच."

"अहो, पाच मिनिटांचं काम. फुलं ठेवतो नि येतो."

"नाय."

"पुढच्या वर्षी तर रेलिंग नि गर्दी असेल. आम्हाला दोर लावू देणार नाहीत म्हणतात. आमची वाट गेलीच समजा. आजच्या दिवस तरी सोडा."

"देवेश," भिवा म्हणाला, "तुझी आयस घरी वाट बघत असंल. जा तू."

देवेशचा चेहरा उतरला. फुलं त्याने पत्र्याच्या दाराशी ठेवली आणि चौघं वळले. भिवा संध्याकाळपर्यंत त्या फुलांशेजारी बसून राहिला.

कामावर संचिता नावाची इंजिनिअर होती, ठाण्याची, सत्तावीस-अठ्ठावीसची. या माणसाला खुंटे माहीत आहेत असं तिला गावात कळलं. "काका, एकदा माझ्याबरोबर वर या. कुठला कसा आहे ते दाखवा," ती म्हणाली. भिवा दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा गेला. सहा वर्षांनी. कमरेला पट्टा आवळून. एकेचाळिसाव्याच्या जागी नुसतं भोक होतं, आणि शेजारी ते झुडूप, आता हाताएवढं जाड झालेलं. भिवाने तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

संचिताने त्याच्या हातात हातोडी दिली. "बेचाळीस वाजवा."

भिवाने टोला दिला. स्वच्छ, लांबवर घुमणारा आवाज आला.

"पक्का," तो म्हणाला. तोंडातून आपोआपच आलं.

संचिताने कामगारांना खूण केली. त्यांनी खुंट्याला साखळी लावून ओढलं. फार जोर लावावाच लागला नाही. खुंटा बाहेर आला. बाहेरचा भाग मनगटाएवढा, आणि कातळाच्या आत जो होता तो गंजून करंगळीएवढा उरलेला.

"बघा," संचिता म्हणाली. "बाहेरचं लोखंड चांगलं, म्हणून आवाज चांगला. आतलं बाहेरून कुणालाच कळत नाही. इथले बहुतेक सगळे असेच निघताहेत." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुमच्या मुलाचं मी ऐकलंय. तुमची चूक नव्हती, काका."

तिला त्याचं ओझं उतरवायचं होतं. भिवालाही ते कळलं. पण दोराला धरून खाली येताना त्याच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. चूक नव्हती म्हणजे काय? तीस वर्षं त्याने जो कान दिला, तो कान कशाच्याच कामाचा नव्हता. बाप चुकीचं शिकवून गेला, आणि ते बापालाही माहीत नव्हतं. इतक्या लोकांच्या लेकरांना 'जा, पक्का हाय' म्हणून त्याने पुढे धाडलं, ती सगळी नशिबाने परत गेली. त्याचं एक तेवढं नाही गेलं.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर त्याने ताट पुढे सारलं.

"जये, त्याला तिकरं मीच उभा केलता," तो म्हणाला. "मी सांगला, पक्का हाय."

जयाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तिने ती ताटात ठेवली. मग म्हणाली, "मना वाटलाच होता."

"कवापासून?"

"तुमी हातोरी माल्यावर टाकली तवापासून." तिने पदराने डोळे पुसले. "सा वर्सां मी वाट बघतंय, आज सांगतील, उद्या सांगतील. सांगला असता तं दोगांनी मिलून रडलो असतो. तुमी एकले रडलाव, मी एकली."

त्याने सारलेलं ताट तिने परत त्याच्याकडे ओढलं. मग म्हणाली, "वाट झाली का मना न्या एकदा. मना ती जागा बगाची हाय."

त्यानंतर दोन वर्षं कुणालाच वर जाता आलं नाही. परांची बांधली गेली, मोठी यंत्रं आली, राखणदारालाही पत्र्याच्या आत यायला मनाई झाली. संचिता दुसऱ्या कामावर गेली. २०२५च्या फेब्रुवारीत वाट खुली झाली. दगडी पायऱ्या, लोखंडी जाळीची रुंद वाट, छातीइतकं रेलिंग. चढाई करणाऱ्यांना बंदीचा फलक दारातच होता. पहिल्या रविवारी कल्याणहून, ठाण्याहून कुटुंबंच्या कुटुंबं आली.

भिवा आणि जया मंगळवारी गेले, गर्दी नको म्हणून. जयाने घरच्या अबोलीचा गजरा केला होता. पायऱ्या चढताना ती तीनदा थांबली. वर आल्यावर तिने रेलिंग घट्ट धरलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा कड्याला समोरून पाहिलं.

"कंची जागा?" तिने विचारलं.

भिवा पुढे झाला. मनात मोजू लागला. पण मोजणार काय? नवे खुंटे दूर दूर बसवलेले, सगळे मिळून साठसुद्धा नव्हते. त्यांवर पत्र्याचे नंबर होते, आणि एकेचाळीस नंबर पार झऱ्याच्या वळणापुढे गेलेला. ती जागा ही नव्हे, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं. तो मागे आला. पायरीचं झुडूप शोधलं. मुळं कातळ फोडतात म्हणून ते समूळ काढून टाकलं होतं. जुनी भोकं दगडाच्याच रंगाच्या सिमेंटने भरून घासलेली. त्याने तळहाताने कातळ चाचपला. सगळीकडे सारखाच लागत होता.

दोनदा तो त्या टप्प्यातून गेला आणि आला. जया गजरा हातात धरून बघत होती.

"सांगा ना," ती म्हणाली.

कुठेही बोट ठेवून इथेच असं म्हणता आलं असतं. तिने मानलंही असतं. भिवाच्या जिभेवर ते आलंही होतं.

"नाय सांगता येत, जये," तो म्हणाला. "मना नाय समजत आता."

त्याचे खांदे हलू लागले. जया त्याच्याजवळ आली. खाली तिच्या घराचं मागचं दार दिसत होतं, बंद. ती त्याकडे थोडा वेळ बघत राहिली.

एवढ्यात वाटेवरचा रखवालदार, कुणी बाहेरचाच पोरगा, शिट्टी वाजवत आला. "आजी, फुलं टाकायची नाहीत इथं. आणि थांबू नका, पुढे चला."

"चलतो रे," जया म्हणाली.

तिने गजरा पदरात ठेवला. एका हाताने भिवाचं मनगट धरलं, दुसरा हात कातळावर टेकवला, आणि वाट संपेपर्यंत तो हात तिने कातळावरून उचलला नाही.