काइस्लाला कुणी प्रश्न विचारत नाही

नोव्हेंबरात दुपारी अडीचलाच काउको रिन्टालाच्या डोळ्यांवर झापड येई. सूर्य तळ्यापलीकडच्या झाडांमागे सरकला की ऑफिसच्या काचा निळ्या होत, आणि स्क्रीनवरचं काइस्ला त्याला वाऱ्यावर डुलताना दिसे. काइस्ला म्हणजे तळ्यातलं लव्हाळं. वेबसाइट उभारायच्या सांगाड्याला, लोक ज्याला फ्रेमवर्क म्हणतात त्याला, काउकोने ते नाव दिलं होतं. आठ वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून बांधलेलं, हलकं, सुटसुटीत, रुसणं माहीतच नसलेलं. पण वापरतंय कोण? चिटपाखरूही नाही!

सोमवारी जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या नव्या साइटचं काम आलं आणि काउकोने धीर करून काइस्लाचं नाव काढलं. आता स्वतःच्या वस्तूची तारीफ करणं म्हणजे या बर्फाळ मुलखातल्या लोकांना भर चौकात गाणं म्हटल्यासारखं. तो एवढंच म्हणाला, "वाईट नाहीये ते." झालं, संपलं भाषण!

त्याची साहेबीण सिर्का कॉफी ढवळत म्हणाली, "छानच आहे रे. पण उद्या तू बोटीतून पडलास तर दुरुस्त कोण करणार? तुझं भूत?"

"आणि मी हे शिकलो तर पुढच्या नोकरीत मला विचारतंय कोण?" शेजारच्या टेबलावरचा योउनी म्हणाला. "अडलेले लोक जिथे विचारतात ते काइस्लाचं प्रश्नांचं पान बघ ना. आठ वर्षांत अकरा प्रश्न! अडलं तर हाक कुणाला मारायची?"

काम जुन्याच फ्रेमवर्ककडे गेलं. जुनं ते महाखडूस, आठवड्याला एकदा रडणारच. पण रडलं की अख्खी दुनिया धावून येते. मग ते निवडणाऱ्याला दोष कोण देणार? काउकोला वाईट वाटलं, अगदी आतून. शुक्रवारी काइस्ला कायमचं बंद करायचं, त्याने ठरवून टाकलं.

गुरुवारी तो तळ्यावर गेला. पाणी नुकतंच गोठलं होतं. काठावर सात-आठ माणसं हातात मासेमारीचं सामान घेऊन गप्प उभी. कुणाची तरी पावलं उमटल्याशिवाय यातला एकही बर्फावर पाय ठेवणार नव्हता. फक्त बहात्तर वर्षांची हिल्का पुढे होती. चार पावलं जायची, बर्फाला भोक पाडायची, काठी घालून जाडी बघायची, पुन्हा चार पावलं. गावच्या सार्वजनिक सौनाची व्यवस्था तिच्याकडे. बाष्पस्नानाची पाळी लावायचं पान काउकोनेच तिला सहा वर्षांपूर्वी काइस्लावर करून दिलं होतं.

तिच्या पावलांवर पाय ठेवत तो तिथवर गेला.

"तोंड का असं?" तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं. मग भीतभीतच विचारलं, "तुझं ते पान चालतंय ना?"

"चालतंय की."

"सहा वर्षांत एक शब्द बोलली नाहीस!"

"चालतंय म्हणून तर गप्प! बिघडलं असतं तर सोडलं असतं का तुला?"

काउकोला ते प्रश्नांचं पान आठवलं. अकरा प्रश्न. म्हणजे काइस्लाच्या गुणानेच काइस्लाचा घात केला होता की काय? "मग तेवढं काइस्लाच्या प्रश्नांच्या पानावर लिहिशील?"

"चालणाऱ्या गोष्टीबद्दल काय लिहायचं? वेडा आहेस." हिल्काने काठी झटकली आणि ती पुढे गेली. काठावरचा एकजण हळूच बर्फावर उतरला.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात काउकोने काइस्ला बंद करायला ते प्रश्नांचं पान उघडलं. बारावा प्रश्न आला होता.

"हिल्का, सौना. काहीही बिघडलेलं नाही. पण तू बुडालास तर हे मी कसं सांभाळायचं? पहिल्यापासून शिकव."

त्याने दोनदा वाचलं. डोळे भरून आले. मग त्याने कॉफी बाजूला सारली आणि उत्तर लिहायला घेतलं.

शेजारून योउनी मान वर न करताच म्हणाला, "जरा सोपं करून लिही. मी वाचतोय."