तक्रार वाडीतली, ओटीपी सड्यावरचा

परवा आमच्या वाडीत एक साहेब तक्रार बंद करायला आले, आणि ती उघडीच ठेवून गेले...

वाडी रत्नागिरीपासून तासाभरावर, खाली खोलगटात. आरे-वारेला पर्यटक किनाऱ्यावरून रील टाकतात. आम्हाला साध्या फोनसाठी वरच्या कातळावर, सड्यावर, चढावं लागतं.

शेजारच्या सुनंदावहिनींची सून आठव्या महिन्यात आहे, मुलगा मुंबईला. ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली तर सड्यावर कोण धावणार? म्हणून वहिनींच्या नावाने मीच मोबाइल कंपनीकडे तक्रार टाकली... अर्थात सड्यावर बसून.

कंपनीच्या या साहेबांनी टॅबवर नकाशा दाखवला. आख्खी वाडी हिरवी, म्हणजे फुल रेंज. मी पंप दुरुस्त करत करत वर आलेला माणूस... मोटर पाणी ओढत नसेल तर 'कागदावर चालू आहे' हे मला कुणी सांगू नये.

त्यात माझे कान तिखट. गाडीतून उतरताना साहेब ड्रायव्हरला म्हणाले होते, ओटीपी घेतला की दहा मिनिटांत निघू.

तक्रार बंद करायची तर वहिनींच्या फोनवर ओटीपी यायला हवा. साहेबांनी बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. नकाशा ते ऑफिसातूनच डाउनलोड करून आले होते... ओसरी झाली, अंगण झालं, गोठ्यामागे जाऊनही हात वर करून झाला.

मग म्हणाले, वहिनी, गाडीत बसा, सड्यावर दोन मिनिटांत होईल. मी वहिनींना हळूच सांगितलं, तो नंबर दिलात की तक्रार संपली.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "काय ओ साहेब, सुनेला कळा सुरू झाल्या तर तिलापण आधी सड्यावर न्यायचं काय?"

साहेब बसले. चहा घेतला. मी म्हटलं, जे बघितलंत ते लिहून द्या. तसा फॉरमॅट नाही म्हणाले... मी वहीचं पान पुढे केलं. 'जागेवर सिग्नल नाही', खाली सही. त्या पानाचा फोटो सोबत जोडलाय.

टॉवर कधी येईल, माहीत नाही. तोवर रिक्षावाल्याला सुनेसाठी वाडीतच मुक्कामाला बोलावलंय. पण आजवर कुणी कागद पुढे केला की आम्ही मुकाट अंगठा दिला. परवा वहिनींनी दिला नाही... आणि आता शेजारच्या दोन वाड्यांतल्या बायका तक्रार कशी टाकायची ते त्यांना विचारायला येतायत.