शेवाळवाल्या बाई

शेवाळवाल्या बाई पाण्याशी बोलायच्या. सकाळी प्रयोगशाळेत शिरल्या की काचेच्या वाटीला म्हणायच्या, "चला, उठा, ऊन आलंय." ठाण्याच्या त्या कॉलेजात मी शिपाई. शाळा चौथीपर्यंत, पण कळव्याच्या खाडीवर वाढलेला. पाण्यातलं मला कुणी शिकवू नये, हे माझं मत तेव्हा होतं, आजही आहे.

खाडीतल्या एकाच खडकावरचं हिरवं शेवाळ बाई आणायच्या. त्यातून एकेका पेशीचे जीव पाण्यात सुटायचे. एकदा मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. "दामूभाऊ, ही तरुण मंडळी. उजेड दिसला की तिकडे धावतात. पुस्तकं सांगतात, नर-मादी जुळून एक झाली, की उजेडाला पाठ फिरवतात आणि तळाला जाऊन चिकटतात. मला अजून दिसलं नाही."

"लग्न झालं की कोपरा धरायचा! हे बघायला यंत्र कशाला? आमच्या आळीत या."

"वहिनींना सांगू का?"

मी फडकं उचललं.

बाईंची पीएचडी या जिवांवर टांगलेली, सात वर्षं. परीक्षक बघायला येणार त्या दिवशी मी पहाटेच आलो. वाटीला खिडकीच्या बाजूनं हिरवी कड धरलेली. पाहुणे येणार आणि भांडं असं? पाणी ओतलं, वाटी घासून लख्ख केली.

बाई आल्या आणि स्टुलावर बसल्याच. "दामूभाऊ, कड?"

"घाण होती. काढली."

"ती घाण म्हणजे माझी सात वर्षं हो."

माफी मागणं आमच्या घराण्यात नाही. मी विचारलं, "साहेब कितीला?"

"बाराला."

अमावास्येची ओहोटी होती. भरती लागायच्या आत गुडघाभर चिखलात उतरलो आणि घाईत चार खडकांवरचं शेवाळ एकाच डब्यात कोंबून आणलं.

दुपारी साहेब वाटीवर वाकले ते उठेनात. अर्धे जीव उजेडाकडे, अर्धे जुळून अंधाराकडे. एका खडकावर सगळे नर नाहीतर सगळ्या माद्या, म्हणून बाईंना जोड्या कधी मिळाल्याच नव्हत्या. साहेबांनी विचारलं, "चार ठिकाणचं एकत्र करायची युक्ती कुणाची?"

"माझी," मी म्हणालो. बाईंनी खोकल्यासारखं केलं.

बाई डॉक्टर झाल्या, पुढं निवृत्त होऊन डोंबिवलीला लेकीकडे राहिल्या. आजारी आहेत कळलं तेव्हा गेलो. चहा झाला. उठता उठता म्हणालो, "बाई, ती वाटी घासली, ते चुकलंच माझं."

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

"मी एकदाच बोलतो."

बाई उशीत तोंड खुपसून हसत होत्या. ऐकू आलं होतं. तेच आमचं शेवटचं बोलणं.