गिरणीवरचा डबा

जाऊबाई गेल्याची बातमी मी कुणाला सांगायच्या आधीच शेलार गावभर झाली होती. सकाळी अंगणात माणसं जमू लागली, त्यात रहमतचाचा आले. जवळच्या कापडाच्या कारखान्यात लूमवर काम करणारे, आमच्या पिठाच्या गिरणीचं जुनं गिऱ्हाईक. शिफ्ट सोडून तसेच आले होते, दाढीत कापसाचे तंतू. पायरीशी चपला काढल्या आणि तिथंच थबकले. मला हळूच म्हणाले, "भाभी, डिब्बा तो भर गया था ना?"

आत जाऊबाईंना खाली घेतलं होतं, पोरीबाळी रडत होत्या, आणि हा माणूस मला डब्याचं विचारत होता. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या गिरणीवर ज्यानं कधी दळण टाकलं असेल त्याला तो प्रश्न कळेल. बाकीच्यांसाठी जरा मागचं सांगते.

सुमन भोईर ही माझी मोठी जाऊ. आमचं फार पटायचं असं मी लिहिणार नाही. जावाजावांचं जेवढं पटतं तेवढंच पटायचं. मी भिवंडी शहरातली, वडील शाळेत कारकून, त्यामुळे लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांनी मला "शेरातले" अशीच हाक मारली. घरची वडप्याकडची जमीन गोदामांत गेली, पैसा आला आणि घरं बांधण्यात, लग्नं लावण्यात कधी संपला ते कळलंही नाही. उरली ती ही गिरणी. त्या दळायच्या, मी वजन करायचे आणि सुटे पैसे सांभाळायचे. मोठा आवाज, कमरेला खोचलेला पदर, भुवयांवर पीठ. भांडायला उभ्या राहिल्या की समोरचा गहू सोडून पळेल अशी बाई!

डबा तसा कुणाचाच नव्हता. लूमवरचा एक माणूस गहू टाकून गेला आणि न्यायला आलाच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, मशीनमध्ये हात सापडला, दवाखान्यात पडलाय. जाऊबाईंनी पीठ पिशवीत भरून त्याच्या खोलीवर पाठवलं आणि रिकामा डबा काट्याशेजारी उघडा ठेवला. जो येईल त्याला सांगायच्या, "त्याचाच डबा हाय, टाक काय टाकायचं ते." आणि सांगणं म्हणजे साधं नाही हं. चालत्या गिरणीत कुणाला ऐकू येणार? म्हणून त्या सरळ मोटर बंद करायच्या. पट्टा थांबायचा, रांगेतली माणसं वैतागायची, आणि त्या शांततेत बाई पहिल्यापासून सगळी हकीकत सांगायची. कोण, कुठला, घरी कोण, काय झालं, डॉक्टर काय म्हणाले. गरजेपुरते पैसे जमले की डब्याला झाकण दाबून बसवायच्या. "झाला. आता नको." तो माणूस बरा होऊन गावी गेला, डबा मागे राहिला.

पुढे भिंतीवर मोबाइलनं पैसे द्यायचा कोड लागला, गिरणीचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, पण पद्धत तीच. जखमेचा फोटो नाही, रडणाऱ्या चेहऱ्याचा नाही. फक्त डब्याचा फोटो. उघडा डबा म्हणजे काम निघालंय, झाकण लावलेला म्हणजे पुरेसे जमले. उत्तर प्रदेशात परत गेलेली माणसंसुद्धा फोटो बघून तिकडून पैसे पाठवायची. आणि गिरणीवर उघडा डबा दिसला की येणारा पहिल्यांदा विचारायचा, "आज कोण?"

एकदा होती वरातीतली घोडी. गोदामाच्या रस्त्यावर पडली, पाय मोडला, मालक तिथंच सोडून निघाला होता. जाऊबाईंनी मोटर बंद केली. मी म्हटलं, "अहो, माणसांना पुरत नाही आणि तुम्ही घोडीसाठी मागता?" तर म्हणाल्या, "का? घोडी काय भिवंडीची न्हाय?" आणि रांगेतल्या बायकांना एकेकीला धरलं. "तुझा जावय हिच्यावरच बसून आलता ना? नाचलीस का न्हाय तिच्यापुढं? मग टाक." बायका हसत होत्या आणि टाकत होत्या. घोडी वाचली. लंगडत का होईना, दिघाशी गावात एकाच्या वाडीवर अजून चरते. झाकण लागल्यावर एक गोदामवाले शेठ गाडीतून नोटांची गड्डी घेऊन आले. जाऊबाईंनी ती तशीच परत केली. "फुडच्या टायमाला लवकर या शेठ." मी त्यांच्यावर अशी चिडले होते! पुढच्या कामाला ठेवता आले नसते? "न्हाय," त्या म्हणाल्या, "जेच्या नावानं दिलं तेचंच. डबा कायम उघडा राहिला का लोक इचारायचं सोडतील, आज कोण म्हणून." मग मोटर चालू केली, म्हणजे पुढचं मी बोलून उपयोग नव्हता.

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. मुंबईच्या दवाखान्यात खेपा झाल्या, जवळ होतं ते सरलं. ऑपरेशनचा आकडा घरात कुणालाच झेपणारा नव्हता. त्या दवाखान्यात असताना एका सकाळी मीच डबा उघडला, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. पहिले आले रहमतचाचा. "आज कौन, भाभी?" त्यांनी विचारलं. मला नाव घेता येईना हो... मोटर तशीच चालू होती. चाचांनी माझ्याकडे बघितलं, काट्याशेजारच्या जाऊबाईंच्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं, आणि खिशात हात घातला. त्यानंतर जो येईल त्याला चाचाच सांगत राहिले. मी नुसती वजन करत होते.

पैसे येत होते. कुठून कुठून येत होते. पण आकडाच मोठा, अर्धंसुद्धा जमलं नव्हतं. जाऊबाईंना घरी आणल्यावर एका दुपारी त्या भिंतीला धरत धरत गिरणीत आल्या. स्टुलावर बसल्या, डब्यात बघितलं, मग माझ्याकडे. आणि झाकण घेऊन दाबून बसवलं. हातात जोर नव्हता, कोपरानं दाबलं. मग फोटो काढून ग्रुपवर टाकला.

"अहो, हे काय करताय!" मी ओरडलेच.

"डॉक्टरनी मना सांगलंय काय ता. कापून घेतलं तरी न्हाय व्हायचं. मंग कशाला?"

"एवढे जमलेत त्यांचं काय?"

"माझ्या नावाचं हायत ना? मंग मीच सांगतंय. दुखायच्या गोळ्यांना लागतील तेवढं घे. बाकीचं ठेव, फुडच्याला."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "इतकी वर्षं तर पुढच्याला ठेवू देत नव्हता!"

"तवा मी व्हते ना मागाया," त्या म्हणाल्या. "तू लाजतंस, शेरातले. पयल्या येळेला तरी तुला मागाया नको लागाया."

तेवढ्यात माझा फोन वाजू लागला. ग्रुपवर एकामागून एक मेसेज. मुबारक हो चाची... देव पावला... लवकर बऱ्या व्हा काकी. सगळ्यांना वाटलं पैसे पुरे झाले. दुसरं काय वाटणार? झाकण लागलं म्हणजे काम झालं, हेच त्यांनी सगळ्यांना शिकवलं होतं. संध्याकाळी लूमवरची माणसं पेढे घेऊन दारात. मी त्यांना खरं सांगायला पुढे झाले, तर जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. एक पेढा घेतला, अर्धा तोंडात टाकला. पोटात पाणी ठरत नव्हतं तेव्हा. माणसं गेल्यावर मोरीत जाऊन ओकल्या. मी पाठीवरून हात फिरवत होते, आणि ही बाई मला म्हणते, "खवा बरा व्हता गं."

म्हणून त्या सकाळी पायरीशी उभ्या असलेल्या रहमतचाचांना मी सांगितलं, "नाही चाचा. नव्हता भरला."

"फिर ढक्कन किसने लगाया?"

मी आत बोट दाखवलं. ते पायरीवरच बसले, दोन्ही हातांत डोकं धरून. "हमने मिठाई बाँटी, भाभी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मग उठले आणि खांदा द्यायला उभे राहिले.

मला अजून राग येतो जाऊबाईंचा. दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं असतं, अजून चार महिने मिळाले असते, निदान भांडायला... पण कुणाशी बोलू? गिरणी सुरू केली, डबा तसाच काट्याशेजारी राहिला. रोज पुसायचे, झाकणाला हात लावत नव्हते.

परवा वडप्याच्या गोदामातले दोन हमाल गोणपाटात गुंडाळून एक कुत्री घेऊन आले. कंटेनरनं उडवलं होतं, मागचे दोन्ही पाय गेले होते, पण डोळे उघडे. त्यांना जाऊबाई गेल्याचं माहीत नव्हतं. "चाची कुठंय?" म्हणाले. मी डब्याचं झाकण उघडायला गेले तर निघेना, इतकं घट्ट बसलं होतं. शेवटी उलथन्याच्या टोकानं उचकटलं. आत नोटा होत्या, सगळ्या पिठाळलेल्या, कुत्रीच्या पायांना पुरून उरतील इतक्या. जाऊबाईंनी म्हटल्याप्रमाणे मला कुणाकडे मागायला नको होतं. हमालांच्या हातात पैसे दिले, जनावरांच्या डॉक्टरकडे रिक्षानं पाठवलं. झालं काम.

झाकण लावायचं राहिलं. तांदळाचं दळण घेऊन आलेली एक बाई रांगेत उभी होती. उघडा डबा बघून तिनं सवयीनं विचारलं, "आज कोण?"

चालत्या गिरणीत मला ते नीट ऐकूही आलं नाही, ओठांवरून कळलं. रिकाम्या स्टुलाकडे माझं लक्ष गेलं. मग "थांब, सांगते," असं म्हटलं आणि हात लांब करून मोटर बंद केली.