घरमालकीण खोली बघायला निघते

लातूरच्या बसस्थानकावर नांदेडची गाडी लागली, तेव्हा आई फोनवर होती. "एक खोली मोकळी होईल बहुतेक," ती सांगत होती. "संध्याकाळी पक्कं सांगते." धर्माबादचे कुणी गृहस्थ होते, मुलीला क्लाससाठी लातूरला ठेवायचं होतं. मोकळी होणारी खोली माझी होती.

बारावीचे क्लास लावायला सगळा मराठवाडा लातूरला येतो. बाबा गेल्यावर आईनं वरचा मजला अशा मुलींना भाड्यानं द्यायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून आमच्या घरात तिचा शब्द म्हणजे कायदा झाला. आठनंतर फाटक बंद, मैत्रीण मुक्कामाला नाही, नळ चालू सोडला तर थेट घरी फोन. खोली बघायला आलेली प्रत्येक आई एकच वाक्य बोलते, "आमची लई शांत हाय." ती पायऱ्या उतरली की आमची आई मला म्हणते, "शांत पोरगी मी आजून बघितली न्हाई."

आता निघायची पाळी माझी होती. नांदेडला एम.एस्सी. भूशास्त्राला नंबर लागला होता आणि या आठवड्यात हो किंवा नाही कळवायचं होतं. शेजारच्या मामी म्हणाल्या, "दगडं बघायला नांदेडला कशाला जावं? औशाच्या रस्त्याला काय कमी हायत?" त्यांच्या मते मी लातूरलाच बी.एड. करून आईजवळ राहावं. आई मात्र एकदा माझ्या खोलीत उभी राहून म्हणाली, "हितं दोन कॉट बसतील." मला ते फार लागलं. मी गेले तर ही एकटी पडेल म्हणून माझी झोप उडालेली, आणि ही कॉट लावत होती.

बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून पुरुषांना खिडकी मिळत नाही, अशी तक्रार एक आजोबा गाडीभर करत होते. आईनं ती शांतपणे ऐकली, पण खिडकी सोडली नाही. चाकूर गेलं. दोन्हीकडं काळी रानं आणि गुडघ्याला आलेलं सोयाबीन. ही सगळी जमीन लाव्हारसाच्या दगडाची झाली आहे, असं मी आईला समजावून सांगितलं.

"आन् खाली पाणी कुठं लागतं, ते शिकवतात का तुमच्यात?"

"शिकवतात की."

"मंग तर लातूरलाच गरज हाय," असं म्हणून तिनं धपाट्यांचा (ज्वारीच्या पिठाच्या तिखट, थापलेल्या भाकरीचा) डबा उघडला. पुढं बोलायची सोय राहिली नाही, कारण धपाट्यात मिरची तिनं हात सैल सोडून घातली होती.

नांदेडला ऑटोवाल्यानं काही न विचारता आम्हाला गुरुद्वाऱ्यासमोर नेऊन सोडलं. हातात पिशव्या घेतलेल्या मायलेकी दर्शनालाच आल्या असणार, असा त्याचा हिशेब.

"दर्शनाला न्हाई हो, ॲडमिशनला," आई म्हणाली.

"लातूरहून हिकडं? उलटं चाललंय की तुमचं," तो म्हणाला आणि पुन्हा किक मारली. आलोच आहोत म्हणून आईनं रस्त्यावरूनच हात जोडून घेतले.

विद्यापीठ गावाबाहेर, मोकळ्या माळावर आहे. विभागातल्या एका सरांनी टेबलावरचा दगड उचलून माझ्या हातात दिला. गुलाबी, मध्ये चमकणारे कण. "देगलूरकडचा ग्रॅनाइट," ते म्हणाले. आमच्याकडं कुठंही खणा, काळाच दगड लागतो. शेजारच्याच जिल्ह्यात जमिनीचा रंग असा बदलतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. हातात धरलं तेव्हा मात्र अंगावर काटा आला. मला इथंच यायचं होतं. दगड परत द्यायला मी बराच उशीर केला. आईनं ते पाहिलं आणि म्हणाली, "चल, खोली बघू."

खोली सुमनअक्का नावाच्या घरमालकिणीकडं होती. अक्का मूळच्या देगलूरच्या. आईनं पहिला प्रश्न टाकला, "पाणी किती दिवसाला येतं?" लातूरचा माणूस परगावी गेला की आधी हेच विचारतो.

"दिवसाआड."

आईनं नळ सोडून धार बघितली. तिच्या चेहऱ्यावर सरळसरळ मत्सर होता. मग तिनं न्हाणीघराची कडी ओढून पाहिली, भिंतीला ओल आहे का ते हात फिरवून पाहिलं, आणि सुमनअक्कांनी तोंड उघडलं.

"फाटक आठला बंद."

"बरोबर हाय."

"मैत्रीण मुक्कामाला न्हाई."

"नकोच."

"नळ चालू सोडायचा न्हाई. पोरगी कशी हाय?"

"आमची लई शांत हाय," आई म्हणाली.

मी आईकडं पाहिलं. तिनं मला न बघितल्यासारखं केलं.

"समद्याच आया आसं म्हणतात, ताई," सुमनअक्का म्हणाल्या.

मी फिस्सकन हसले, तेही चांगलं मोठ्यानं, आणि माझ्या शांतपणाचा निकाल तिथंच लागला. आईलाही हसू आवरेना. "आमच्याकडंबी पोरी ऱ्हातात भाड्यानं," तिनं कबूल केलं. मग चहा आला, सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, फोडणी दिलेला नाष्टा) आली, आणि न्हाणीच्या जाळीत अडकणाऱ्या केसांवर दोघींचं तासभर चाललं. माझी तिथं कुणाला गरज नव्हती.

"पहिला महिना रडतात पोरी," सुमनअक्का म्हणाल्या.

"एवढं न्हाई. लवकर रुळतात," आई म्हणाली. "आयांना येळ लागतो." तिनं हे घरमालकिणीच्या सुरातच सांगितलं, पण पुढं बराच वेळ तिनं चहाला हात लावला नाही. मला वाटलं, आपण उगाच आलो. बी.एड. काय वाईट आहे?

परतीच्या गाडीत आम्ही उरलेले धपाटे संपवले. जाऊ का, हे मी विचारलं नाही. जा, असं तीही म्हणाली नाही. अहमदपूर सोडलं आणि तिचा फोन वाजला. धर्माबादचे गृहस्थ.

"न्हाई हो, खोली मोकळी न्हाई," आई म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारणं झालं. "राहती एक पोरगी त्यात. नांदेडला शिकायला असती, सुट्टीला येती." मग जरा थांबून, "न्हाई न्हाई, तिचं सामान हलवायचं न्हाई."

तिनं फोन पिशवीत ठेवला. मला विचारल्याशिवाय राहवेना.

"आई, आणि त्या दोन कॉट?"

"बसत न्हाईत. मापच चुकलं माझं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. खिडकी तिनं येतानाही सोडली नव्हती.

लातूर येईपर्यंत मी खरोखरच शांत बसले.