‘व्हय’ म्हणून सापडलेला मदतनीस

प्रिंटर बिघडला म्हणून कुणी नेटवर हेल्पलाइन शोधायला लागलं, की मला आजही आमच्या शहरातल्या मंगळवार पेठेतल्या काकींची केस आठवते. माझ्या पोलीस खात्यातल्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. काकी घरी कांदा-लसूण चटणी करून विकायच्या, ऑर्डरी फोनवर घ्यायच्या, हाताखाली चार बायका. पत्ते छापायचा प्रिंटर अडला म्हणून त्यांनी नेटवर मिळालेल्या नंबरला फोन लावला. समोरच्यानं “व्हायरस है” म्हणून एक अ‍ॅप घ्यायला लावलं, स्क्रीन ताब्यात घेतली आणि खातं धुऊन नेलं.

काकी तडक ठाण्यात आल्या, हे बरं झालं. सायबर हेल्पलाइनला लगेच कळवल्यानं बरीचशी रक्कम चोरांनी वळवलेल्या खात्यातच गोठवता आली. पण आमच्या हवालदारानं विचारलं, “एवढ्या शहाण्या तुम्ही, फसलासा कशा?” माझं टाळकंच सटकलं. त्याला बाहेर काढला, पण व्हायचं ते झालं होतं. काकींनी घरी जाऊन फोन घेणंच सोडलं. ऑर्डरी थांबल्या, बायका बसून राहिल्या, धंदा बंद पडायची वेळ आली.

थोड्याच दिवसांत त्यांना मेसेज आला: पैसे परत देतो, आधी फी भरा, आज फोन करतो. फसलेल्याला पुन्हा लुटायची ही यांची रीतच. त्यांच्या हाताखालच्या एका बाईनं ते मला कळवलं, तसा मी साध्या वेशात काकींच्या घरी गेलो.

“काकी, फोन घ्या. फी कुठल्या खात्यावर मागतोय तेवढं कळू दे.”

“न्हाय वो साहेब, मला जमायचं न्हाय.”

“मी हाय की शेजारी.”

फोन आला. स्पीकरवर एक पोरगा झकास हिंदी बोलत होता. काकी आधी दबकत बोलल्या, मग सवयीनं विचारून गेल्या, “जेवलासा का?”

“व्हय, आत्ताच,” तो म्हणाला आणि लगेच हिंदीवर गेला.

गडी आपल्याच भागातला! काकींचे डोळे चमकले. मग त्या ज्या सुटल्या म्हणता! चष्मा सापडंना, आकडा दिसंना, परत सांगा. त्याच्याकडून खाते क्रमांक नीट वदवून घेतला.

खातं आमच्याच जिल्ह्यातल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याचं निघालं. चौकशीत त्याचं एकच पालुपद, “मला काय म्हाईत न्हाय, साहेब.” अशा वेळी आवाज चढवून उपयोग नसतो. मी चहा मागवला आणि सहज म्हटलं, “हिंदी चांगली बोलतोय की तुझा पावणा. पण ‘व्हय’ काय सुटंना त्याचं.”

त्याचा चेहराच उतरला. “मावसभाऊ हाय, साहेब. पुण्यात असतोय.”

पुण्याच्या पोलिसांना घेऊन आम्ही त्या मावसभावाच्या फ्लॅटवर छापा घातला. पोरं हेडफोन लावून कामातच होती. पंचनामा झाला, अटक झाली. गोठवलेली रक्कम पुढं न्यायालयाच्या आदेशानं काकींना मिळाली. उरलेली मिळाली नाही, खोटं कशाला सांगू?

इतकी वर्षं खाकी घातली, पण ही गोष्ट मला या केसनं शिकवली. फसलेल्याला ‘कसा फसलास’ विचारू नये, ‘बरं झालं लगेच आलास’ म्हणावं. लाजेनं घरात बसलेल्या माणसाला पोलीस तरी कशी मदत करणार?

अटकेनंतर काकी पुरवणी जबाबावर सही करायला ठाण्यात आल्या होत्या, तेव्हाच त्यांचा फोन वाजला. नंबर अनोळखी. ठाण्यातलं कुणीतरी म्हणालं, “काकी, नका घेऊ.”

“का म्हणून? धंदा हाय माझा!” काकींनी फोन कानाला लावला. “हां, बोला पावणं. किती किलो पायजे?”